अरब देशांतील उच्च शिक्षण
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त महानगर, लखनौ येथे दिलेले व्याख्यान)



मराठी मंडळाच्या व्यासपीठावर अरबांचे शिक्षण कशाला, असे आपणांस वाटले असेल. हा विषय आमच्या घरातच चालत आला. आमचा मुलगा पुण्यास शिकत असता त्याचा एक वर्गमित्र येमेनचा होता. येमेन, इराक, सुदान येथील विद्यार्थी पुण्यास अनेक वर्षांपासून येत आहेत. २०१५ साली येमेनमधील युद्ध भडकले आणि या मुलाला घरून येणारे पैसे बंद झाले. त्या सुटीत तो आमच्याकडे लखनौस राहिला. गोमतीकाठी नदवतुल उलमाची इमारत दिसताच तो थबकला. हे नाव त्याने वडिलांच्या तोंडून ऐकले होते. येथील मौलाना अबुल हसन अली नदवी यांना १९८० साली सौदी अरेबियाचा किंग फैसल पुरस्कार मिळाला होता, हेही त्यानेच सांगितले. आम्ही मात्र वर्षानुवर्षे त्याच रस्त्याने कचेरीत जात होतो!

निघताना त्याने विचारले, "काका, पदवी घेऊन मी जाऊ कोठे?" आम्हांस उत्तर देता आले नाही. मग आम्ही वाचू लागलो.

विद्येची परंपरा त्यांच्याकडे नाही, असे कोणी म्हणू नये. मोरोक्कोतील फेझ येथील करवीय्यीनची स्थापना परंपरेने ८५९ सालची मानतात. कैरोचे अल-अझहर दहाव्या शतकातील. अडचण अलीकडची आहे. अंध विद्वान ताहा हुसेन १९५० साली इजिप्तचे शिक्षणमंत्री झाले. शिक्षण पाण्या-हवेसारखे सर्वांस मिळावे, ही त्यांची भूमिका. पुढे नासर यांच्या राजवटीत १९६२ साली विद्यापीठांची फी माफ झाली, आणि १९६४ साली प्रत्येक पदवीधरास सरकारी नोकरीची हमी मिळाली. हेतू उदात्त होता. परंतु विद्यापीठ म्हणजे सरकारी खुर्चीचे दार, असे समीकरण बनले. वर्ग तुडुंब भरले, टिपणे पाठ होऊ लागली आणि नेमणुकीसाठी वर्षानुवर्षे तिष्ठणे नशिबी आले. २०११ साली कैरोच्या रस्त्यांवर उतरलेल्यांत बेकार पदवीधर पुष्कळ होते.

हे वाचताना आम्हांस हसू आले नाही. आम्ही स्वतः इतिहास घेऊन बी. ए. झालो, नेमणुकीचे पत्र हाती पडल्यावर इतिहासाचे पुस्तक पुन्हा उघडले नाही.

तरीही तेथील शक्यता मोठ्या आहेत. दमास्कस येथे १९१९ पासून वैद्यक अरबीतून शिकवतात, आणि आज जर्मनीतील परदेशी डॉक्टरांत सर्वांत मोठा गट सीरियनांचा आहे! स्वभाषेने त्यांचे काही अडले नाही. देशाने मात्र त्यांना गमावले. अलेक्झांड्रियात शिकलेले अहमद झेवैल यांना १९९९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले, तेही अमेरिकेतील कार्यासाठी. अनेक अरब देशांत विद्यापीठांतील मुलींची संख्या मुलांहून अधिक आहे. नोकरी-व्यवसायात मात्र जगात सर्वांत कमी स्त्रिया याच प्रदेशात आढळतात. तेलाच्या पैशाने उभ्या राहिलेल्या झगमगत्या विद्यापीठांपेक्षा आमचा भरवसा या मुलींवर अधिक आहे.

तो विद्यार्थी एम. एस्सी. होऊन एडनला परतला. तेथे तो शिकवतो. पगार कधी मिळतो, कधी नाही. गेल्या ईदेला त्याचे पत्र आले. त्यात त्याने आमच्या मुलाची संख्याशास्त्राची जुनी पुस्तके मागितली आहेत. ती तेथवर कशी पोहोचवावीत, याची चौकशी आम्ही सध्या करीत आहोत.