ओळखीची दहा मिनिटे
(मंडळाच्या कार्यकर्त्यांसमोर केलेले भाषण)



प्रास्ताविक, भाषणे आणि आभार हा सभेचा क्रम आपल्या अंगवळणी पडलेला आहे. प्रशिक्षणवर्गांत मात्र त्याआधी आणखी एक छोटा उपक्रम असतो. त्यास ‘आइसब्रेकर’ म्हणतात. अपरिचितांमधील संकोचाचा बर्फ फोडणे हे त्याचे काम. पुष्कळांना तो पोरखेळ वाटतो. आम्हां सरकारी नोकरांना तर विशेषच!

आमच्या बैठकांत खुर्च्या हुद्द्यानुसार मांडलेल्या असतात आणि बोलणेही त्याच क्रमाने होते. ज्याच्या हातून प्रत्यक्ष काम व्हायचे, तो कनिष्ठ सहकारी शेवटपर्यंत मूक राहतो आणि खरी अडचण बैठक संपल्यावर जिन्यात सांगतो. आरंभी जो एकदा बोलला, त्याला पुन्हा बोलणे सोपे जाते. या उपक्रमाचे मर्म एवढेच.

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेच्या सुरक्षिततेसाठी एक तपासणी-सूची प्रसिद्ध केली. ती सिद्ध करण्याच्या कार्याचे नेतृत्व अतुल गवांदे यांनी केले होते. शस्त्र चालविण्यापूर्वी उपस्थित प्रत्येकाने आपले नाव व काम सांगितले आहे ना, याची खात्री करून घ्यावी, असे तीत कलम आहे. प्रसंगी परिचारिकेलाही ‘थांबा’ म्हणता यावे, तर तिचा आवाज आधी सर्वांच्या कानी पडलेला बरा. यास पोरखेळ कोण म्हणेल?

मात्र याची काही पथ्ये आहेत. दिवसभराच्या वर्गाला दहा-पंधरा मिनिटे पुरेत. अर्ध्या तासाच्या बैठकीत प्रत्येकी एक वाक्य. आरंभ कनिष्ठापासून करावा. वय, पगार, लग्न, जात यांविषयी विचारू नये. कोणास बळेच गावयास वा नाचावयास लावू नये. ‘मला वगळा’ म्हणण्याची मुभा असावी.

आपल्याकडचा उखाणा हाही संकोच मोडण्याचाच एक जुना प्रकार. परंतु हळदीकुंकवात उखाण्यांची फेरी सुरू झाली की एखाद्या विधवा भगिनीची मान खाली जाते. जो खेळ एकालाही बाहेर ठेवतो, तो बर्फ फोडीत नाही, गोठवितो.

हे सर्व आज सांगण्याचे कारण असे की, बदलीवर आलेली नवी कुटुंबे आपल्या गणेशोत्सवास येतात, मागच्या रांगेत बसतात, प्रसाद घेऊन जातात आणि पुन्हा दिसत नाहीत. त्यांची नावेही आपणांस ठाऊक होत नाहीत. जुन्यांचे घोळके जमलेले असताना नवख्याने आपण होऊन पुढे यावे, ही अपेक्षा रास्त नव्हे.

म्हणून एक साधी सूचना करतो. पुढील कार्यक्रमाच्या आरंभी सभागृहाची जमीन हाच महाराष्ट्राचा नकाशा समजावा: एका बाजूस कोकण, समोरच्या बाजूस विदर्भ. प्रत्येकाने आपल्या गावाच्या जागी उभे राहावे आणि शेजारी कोण उभे आहे ते विचारावे. गोवा, बेळगाव, इंदूर, बडोदे यांनाही जागा ठेवावी. जन्माने याच शहरातल्या मुलांसाठीही एक कोपरा राखावा. मग प्रत्येकाने स्वतःची नव्हे, शेजाऱ्याची ओळख करून द्यावी.

दहा मिनिटे लागतील. आभाराचे भाषण तेवढे आखूड करू!