बागबाजारचे दुकान

कलकत्ता शहराच्या उत्तर भागात, हुगळीच्या काठी बागबाजार नावाची जुनी वस्ती आहे. मराठी माणसाचा या वस्तीशी पहिला संबंध आला, तो मात्र स्नेहाचा नव्हता. 1742 मध्ये नागपूरकर रघूजी भोसल्यांचे दिवाण भास्करराम कोल्हटकर बंगालवर चालून गेले, तेव्हा धास्तावलेल्या कलकत्तेकरांनी शहराभोवती खंदक खणावयास घेतला. त्याचा आरंभ बागबाजारपाशी झाला. बेत सात मैलांचा होता. तीन मैल खणून झाले आणि काम थांबले, कारण ज्यांच्या भयाने कुदळी चालल्या ते मराठे शहरावर आलेच नाहीत. पुढे 1799 मध्ये खंदकाचा बराच भाग बुजवून तेथून सर्क्युलर रोड नेण्यात आला. ‘मराठा डिच’ हे नाव तेवढे बागबाजारातील एका गल्लीपुरते उरले.

परक्याने येऊ नये म्हणून जेथून खंदक खणला गेला, त्याच वस्तीत सुमारे सव्वाशे वर्षांनी एक लहानसे दुकान निघाले आणि त्याच्या ओढीने परके लोक आपण होऊन येऊ लागले. हे दुकान होते नवीनचंद्र दास या मिठाईवाल्याचे.

नवीनचंद्रांचा जन्म 1845 मधला. घराणे साखरेच्या व्यापारातले. परंतु पुढे दिवस पालटले. तरुणपणीच त्यांनी जोडासाँको भागात मिठाईचे दुकान थाटले. ते चालले नाही. तेव्हा 1866 मध्ये त्यांनी बागबाजारात नव्याने बिऱ्हाड मांडले. मिठाई करणाऱ्याला बंगालीत ‘मयरा’ म्हणतात. व्यापारी घराण्यातल्या मुलाने कढईपुढे बसावे, यात त्या काळी फारशी प्रतिष्ठा नव्हती. त्यांची पत्नी क्षीरोदमणी ही भोला मयरा यांची नात. दिवसा मिठाई करणारा आणि रात्री सवाल-जवाबांच्या मैफली गाजवणारा हा कवियाल बागबाजारचाच. तेव्हा मिठाई आणि रसिकता यांचे नाते त्या घरात आधीपासूनच जुळलेले होते.

बंगालमध्ये त्या काळी मोठा मान होता तो संदेशाला. संदेश कोरडा; तो खाल्ला की वरून पाणी प्यावे लागे. खाताना तोंड ओले करील अशी एखादी मिठाई साधावी, असा ध्यास नवीनचंद्रांनी घेतला. वरवर पाहता गोष्ट सोपी दिसते. छेन्याचे गोळे करावे आणि पाकात सोडावे, इतकेच. परंतु करून पाहणाऱ्यास त्यातली अडचण चटकन कळते. छेन्यात पाणी अधिक राहिले तर गोळा पाकात फुटतो. फार कोरडा झाला तर दगडासारखा बसतो. मळणे कमी पडले तर भेगा जातात. पाक दाट झाला तर तो गोळ्यातले पाणी ओढून घेतो आणि गोळा आक्रसतो. पातळ पाक सतत खळखळत राहिला, तरच आतल्या वाफेने गोळा फुगतो आणि त्याला जाळी पडते. कढयांमागून कढया वाया घालवल्यावर 1868 मध्ये हे गणित जमले. तोच बागबाजारचा रसगोल्ला.

मराठी घरात दूध नासले की गृहिणी हळहळते. उत्तर हिंदुस्थानातही नासलेले दूध देवकार्याला वर्ज्य मानण्याची प्रवृत्ती होती. म्हणून तिकडची मिठाई बहुधा खव्याची. बंगालने मात्र दूध हेतुपुरस्सर नासवून त्यातून आपली मिठाई घडवली. दुसऱ्यांनी दोष मानला ते येथे कौशल्य ठरले.

तथापि वस्तू उत्तम झाली म्हणजे दुकान प्रसिद्ध होतेच असे नाही. दास घराण्यात परंपरेने सांगितली जाणारी एक हकीकत आहे. एके दिवशी भगवानदास बागला या मारवाडी लाकूड व्यापाऱ्याची घोडागाडी दुकानापाशी थांबली. बरोबरच्या मुलाला तहान लागली होती. नवीनचंद्रांनी पाण्याबरोबर रसगोल्लाही पुढे केला. मुलाने खाल्ला, वडिलांनी चाखला आणि घरी व मित्रांकडे वाटण्यासाठी पुष्कळसे विकत घेतले. तेथून ख्याती पसरली. या हकीकतीत लक्षात घेण्यासारखे असे की दुकानाचे भाग्य उजळले ते शेजाऱ्यामुळे नव्हे, वाटसरूमुळे. शेजारी वस्तू खातो. परका ती दूरवर नेतो.

आणि ख्याती पसरल्यावर नवीनचंद्रांनी काय केले? कृती दडवून ठेवणे व्यापाराच्या दृष्टीने शहाणपणाचे झाले असते. परंतु ती त्यांनी इतर मयरांना मोकळेपणाने शिकवली, असे सांगतात. खंदक त्यांनी खणलाच नाही. परिणाम व्हायचा तोच झाला. गल्लोगल्ली रसगोल्ला होऊ लागला आणि दुकानाचे अनन्यत्व गेले. पण त्याच वेळी एका वस्तीची मिठाई साऱ्या प्रांताची झाली. त्यांचे पुत्र कृष्णचंद्र यांनी रसमलाईची भर घातली. 1930 मध्ये त्यांच्या नावाचे दुकान जोडासाँकोत निघाले, म्हणजे वडिलांना जेथे अपयश आले होते त्याच भागात. हवाबंद डब्यातून रसगोल्ला दूरदेशी जाऊ लागला, तोही याच घराण्यामुळे.

या मिठाईवर किती संसार उभे राहिले, हे 1965 मध्ये दिसून आले. दुधाच्या टंचाईमुळे पश्चिम बंगाल सरकारने छेन्याच्या मिठाईवर बंदी घातली. मुलांच्या तोंडी दूध पडावे, हा हेतू गैर नव्हता. परंतु असंख्य कारागिरांच्या चुली त्याच छेन्यावर पेटत होत्या. पुढे ती बंदी उठली.

अलीकडे वाद झाला तो मालकीचा. 14 नोव्हेंबर 2017 रोजी ‘बांगलार रसगोल्ला’ या नावाला भौगोलिक मानांकन मिळाले. पुरीच्या जगन्नाथाच्या मंदिरात लक्ष्मीला रसगोल्ल्याचा नैवेद्य दाखवण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे, असे ओडिशाचे म्हणणे. त्या राज्यालाही 2019 मध्ये स्वतंत्र मानांकन लाभले. दोन्हींची घडण आणि चव वेगळी, हे मान्य करून तोडगा निघाला.

बागबाजारात आजही लोक जातात. कोणी शारदामातेच्या वास्तव्याने पुनीत झालेल्या घराचे दर्शन घेतात, कोणी भगिनी निवेदितांचे घर पाहतात आणि येताना हातात रसगोल्ल्याचे मडके असते. मराठी प्रवाशाने ते मडके घेताना जवळची ती जुन्या नावाची गल्लीही पाहावी. ज्या गावाने एकेकाळी आपल्या पूर्वजांच्या धाकाने माती उपसली, ते आज आपल्या हाती हे मडके देते.