मोबाईल बाईच्या हाती द्या
(जिल्हा बैठकीतील भाषण)



कापसाची एकाधिकार खरेदी उठली आणि आपला माल खासगी व्यापाऱ्याच्या काट्यावर गेला, तेव्हा मोबाईल आपल्या किती उपयोगी पडला ते आठवा. गेवराईला काय भाव निघाला, माजलगावला काय निघाला, हे टेम्पो भरण्याआधीच कळू लागले. व्यापाऱ्याची निम्मी ताकद आपल्याला भाव ठाऊक नसण्यात होती. दोन बाजारांची बातमी हाती आली आणि त्याची भाषा बदलली. आज आम्ही याच मोबाईलविषयी बोलणार आहोत, पण विषय कापसाचा नाही. विषय घरातल्या मारहाणीचा आहे.

कुणी म्हणेल, शेतकऱ्यांच्या बैठकीत हे कशाला? नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचे अधिवेशन भरले, शेतकऱ्यांच्या घरच्या बाया लाखांच्या संख्येने जमल्या. पुढे लक्ष्मीमुक्तीच्या कार्यक्रमात हजारो शेतकऱ्यांनी जमिनीचा तुकडा घरच्या लक्ष्मीच्या नावावर केला. त्यामागचा विचार साधा होता. आपल्या घामाचे दाम मिळत नाही म्हणून आपण रस्त्यावर उतरतो. मग घरात जिच्या घामाला दामही नाही आणि मानही नाही, तिचे देणे कोणी फेडायचे? तो हिशेब अजून पुरा झालेला नाही.

थोडे आकडे ऐका. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे महाराष्ट्रात लग्न झालेल्या दर चार बायांपैकी एकीने नवऱ्याचा मार सोसला आहे. देशभरात ज्या बायांनी असा अत्याचार सोसला, त्यांतल्या शंभरातल्या ७७ जणींनी ना कुणाची मदत मागितली, ना कुणाला सांगितले. त्याच पाहणीत आपल्या राज्यात स्वतः वापरायचा मोबाईल असलेल्या बाया शंभरात ५५ च्या आसपास निघाल्या. आता हे आकडे शेजारी शेजारी ठेवा. मार खाणारी बोलत नाही. आणि एखाद्या रात्री बोलायचे ठरवले, तर फोन मारणाऱ्याच्याच खिशात असतो! भाव दडवून व्यापारी गबर होतो, तसा मार दडवला जातो म्हणून मारणारा माजतो.

जगात दरवर्षी २५ नोव्हेंबर ते १० डिसेंबर असे १६ दिवस स्त्रियांवरील हिंसेविरुद्ध मोहीम चालते. १९९१ साली ती सुरू झाली. २५ नोव्हेंबर ही तारीख आली कुठून? डोमिनिकन प्रजासत्ताक या उसाच्याच देशात १९६० साली हुकूमशहाने तीन सख्ख्या बहिणींना ठार करविले, त्यांच्या आठवणीचा तो दिवस. आफ्रिकेतल्या युगांडात २००७ साली बायांच्या संघटनेने याच १६ दिवसांत साध्या मोबाईलवरून संदेश पाठवून मोहीम चालवली. आपल्या देशात २००८ पासून ‘बेल बजाओ’ची मोहीम झाली. शेजारी मारहाण ऐकू आली तर दाराची घंटी वाजवा, काहीतरी क्षुल्लक मागा, एवढेच तिचे सांगणे. दारात माणूस उभा राहिला की उगारलेला हात खाली येतो.

या १६ दिवसांत बीड जिल्ह्यात काय चाललेले असते? कापसाची वेचणी चाललेली असते, आणि लाखो माणसे उचल घेऊन कोयत्यावर गेलेली असतात. कोणाच्या तरी उसाच्या फडात, कोपीत राहणारी आपली लेक. माहेर कित्येक कोस दूर, नवऱ्याशिवाय ओळखीचे कोणी नाही, वर मुकादमाची हुकमत. तिथे ना गावची पंचायत, ना भाऊ. तिच्यापर्यंत गाव पोचणार ते एका मोबाईलमधूनच. कोयता जोडीने चालतो आणि पोरीला गावी एकटी कुणाजवळ ठेवायची, म्हणून लग्नेही लवकर उरकली जातात. त्याच पाहणीत २० ते २४ वयाच्या मुलींपैकी अठराच्या आत लग्न झालेल्या आपल्या जिल्ह्यात शंभरात ४३ हून अधिक निघाल्या. ज्या वयात पोरीच्या हातात पुस्तक हवे, त्या वयात तिच्या हाती कोयता आणि पाठीवर वळ!

पण मोबाईल हे दुधारी हत्यार आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात राईनपाडा इथे पोरे पळवणारे आले अशी व्हॉट्सॲपवरची अफवा खरी मानून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच निरपराध माणसांना ठेचून मारले. म्हणून नुसते संदेश पुढे ढकलणे म्हणजे मोहीम नव्हे. संदेश आला की कोणीतरी उठून गेले पाहिजे, तरच ती मोहीम.

आम्ही पुढील गोष्टी सुचवतो.

१. प्रत्येक गावात पाच बायांनी पुढे व्हावे. त्यांचे नंबर गावातल्या प्रत्येक बाईला, कोयत्यावर गेलेलीलासुद्धा, पाठ असावेत. फोन हिसकावला तरी पाठ केलेला नंबर कोणी हिसकावत नाही.

२. खुणेचे वाक्य ठरवावे. “वेचणीला बाया पाहिजेत का?” असा संदेश अवेळी आला की समजायचे. नवऱ्याने फोन तपासला तरी त्याला कळायचे नाही. लिहिता येत नसेल तिने बोलून पाठवावा, नाहीतर दोनदा मिस कॉल द्यावा.

३. खूण मिळताच दोघी-तिघींनी विरजण मागायला दारात जावे. एकटीने जाऊ नये. जिवावरचे असेल तर ११२ फिरवावा. बायांसाठी १८१ आहे, पोरीचे लग्न ठरत असेल तर १०९८. गावात ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी आहे, हे त्याला आठवण करून द्यावे.

४. पीडित बाईचे नाव, फोटो गटावर कधीही टाकू नये. बलात्काराच्या प्रकरणात नाव उघड करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे.

कायद्याचेही दोन शब्द. कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा सांगतो की संरक्षण अधिकाऱ्याला खबर कोणीही देऊ शकतो आणि चांगल्या हेतूने दिलेल्या खबरीबद्दल त्याच्यावर दावा होत नाही. तेव्हा ‘दुसऱ्याच्या घरात कशाला पडा’ ही सबब संपली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेप्रमाणे दखलपात्र गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, समोरच्या ठाण्याला तक्रार घ्यावीच लागते. इलेक्ट्रॉनिक मार्गाने पाठवली तर तीन दिवसांत सही करायची. ‘तुमच्या बीडला जा’ असे फडावरच्या बाईला कोणी सांगू शकत नाही.

भावांनो, शेवटचे मागणे तुमच्याकडे. जमीन लक्ष्मीच्या नावावर करताना हात थरथरले, तरी केलीत. मोबाईल त्या मानाने किती स्वस्त! या हंगामात कापसाचे पैसे आले की पहिला फोन घरच्या लक्ष्मीला घ्या आणि तो तपासायचा नाही अशी स्वतःला शपथ घाला. ज्याच्या घरात भिण्यासारखे काही नाही, त्याला बायकोच्या हातातल्या फोनचे भय कशाला वाटावे?