गणवेश अंगावर चढण्यापूर्वी

(सैन्यभरतीची तयारी करणारे युवक आणि त्यांचे पालक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



दरवर्षी २६ जुलैला कारगिल विजय दिन येतो. सभागृहे भरतात. १९९९ च्या त्या युद्धात धारातीर्थी पडलेल्या ५२७ वीरांना श्रद्धांजली वाहिली जाते, वक्त्याचा कंठ दाटून येतो, श्रोत्यांचे डोळे पाणावतात आणि भारतमातेच्या जयघोषाने कार्यक्रमाची सांगता होते. हे सारे मनापासून असते, त्यात दंभ नसतो. पण कार्यक्रमाहून घरी परतताना बारावीतला मुलगा जर म्हणाला, ‘बाबा, मला सैन्यात जायचे आहे,’ तर दोन मिनिटांपूर्वी पाणावलेले तेच डोळे एकदम कोरडे होतात. ‘आधी इंजिनिअरिंग तर कर, मग पाहू,’ हे ठरलेले उत्तर. शिवाजी जन्मावा, पण शेजारच्या घरात, ही म्हण महाराष्ट्रात उगाच रूढ झालेली नाही.

सातारा जिल्ह्यात अपशिंगे नावाचे गाव आहे. लोक त्याला ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणूनच ओळखतात. पहिल्या महायुद्धात या एका गावातील ४६ जवान कामी आले. त्यानंतरही त्या गावाने सैन्यात मुले पाठविणे थांबविले नाही. तिथे ‘मुलाला सैन्यात पाठवावे का?’ या विषयावर परिसंवाद होत नाहीत. उलट खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी ज्या पुण्याच्या अंगणात आहे, त्या पुण्यातील कितीतरी सुशिक्षित घरांना तिच्या प्रवेशपरीक्षेचे वेळापत्रकही ठाऊक नसते. ही परीक्षा केंद्रीय लोकसेवा आयोग वर्षातून दोनदा घेतो. मुलींसाठीही ते दार उघडले असून २०२२ साली दाखल झालेल्या पहिल्या तुकडीतील १७ मुली ३० मे २०२५ रोजी दीक्षान्त संचलन करून बाहेर पडल्या. नाशिकला डॉ. मुंज्यांनी १९३७ साली भोसला सैनिकी विद्यालय काढले, साताऱ्याला १९६१ साली देशातील पहिली सैनिक शाळा निघाली, १९७७ पासून छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेत, राज्य शासनाची सेवापूर्व शिक्षण संस्था आहे. वाटा भरपूर आहेत. त्या वाटेवर पाऊल टाकणाऱ्याने मनाची तयारी कोणती करावी, हा आजचा विषय.

तरुणाच्या मनात सैन्याचे जे चित्र असते, त्यात बहुधा एक शिखर असते, एक तिरंगा असतो आणि गोळ्यांच्या वर्षावात पुढे झेपावणारा तो स्वतः असतो. हे चित्र खोटे नव्हे. परंतु ते सैनिकाच्या आयुष्यातील फार थोड्या क्षणांचे चित्र आहे, आणि पुष्कळांच्या वाट्याला तो क्षण येतही नाही. राम राघोबा राणे यांचे चरित्र या दृष्टीने प्रत्येक इच्छुकाने अभ्यासावे. कारवारजवळच्या चेंडिया गावचा हा मुलगा १९४० साली बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे खडकीच्या त्या विख्यात अभियंता दलात, साधा शिपाई म्हणून भरती झाला. प्रशिक्षणात सर्वोत्कृष्ट रिक्रूट ठरला. ब्रह्मदेशच्या आघाडीवर लढला. स्वातंत्र्यानंतर, १९४७ च्या डिसेंबरात, तो अधिकारी झाला आणि चारच महिन्यांत त्याच्यावर नौशेरा-राजौरी रस्ता मोकळा करण्याची कामगिरी आली.

शत्रूने त्या रस्त्यात सुरुंग पेरले होते, मोठमोठे वृक्ष पाडून आडवे टाकले होते, मोऱ्या उडविल्या होत्या. रणगाडे पुढे गेल्याखेरीज राजौरी सुटणार नव्हती आणि रस्ता झाल्याखेरीज रणगाडे जाणार नव्हते. ८ एप्रिल १९४८ रोजी काम सुरू होते न होते तोच उखळी तोफांच्या माऱ्यात राण्यांच्या तुकडीतील दोघे ठार आणि पाच जखमी झाले. जखमींत राणे स्वतः होते. त्यांनी तुकडी पुन्हा जमवली आणि कामाला लावली. त्या रात्री दहापर्यंत काम. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा काम. झाडे सुरुंगाने उडवायची, उडवलेल्या मोरीला वळणरस्ता काढायचा, शेदोनशे वार पुढे गेले की पुढचा अडथळा, आणि वरून मशीनगनचा मारा चालूच. ११ एप्रिलला हा माणूस सकाळी सहापासून रात्री उशिरापर्यंत रस्ता करीत होता. त्याच्या या कामाला राष्ट्राने परमवीरचक्र दिले. ते स्वतःच्या हयातीत स्वीकारणारा तो पहिला वीर.

त्या चार दिवसांत राण्यांनी काय केले? रस्ता बांधला! झाडे हटवली, माती भरली, सुरुंग काढले. खडकीला रिक्रूट असताना शंभरदा केलेले आणि तेव्हा कदाचित कंटाळवाणे वाटलेले तेच काम त्यांनी गोळीबारात, अंगावर जखम असताना, त्याच काटेकोरपणाने केले. शौर्य शौर्य म्हणतात ते पुष्कळदा असेच दिसते. म्हणून ज्याला सैन्यात जायचे त्याने स्वतःला ‘मी मरायला तयार आहे का?’ हा प्रश्न विचारू नये. अठराव्या वर्षी त्याचे उत्तर कोणीही ‘हो’ असेच देतो. ‘कोणी पाहत नसताना, कौतुकाची आशा नसताना, तेच काम रोज नीट करायला मी तयार आहे का?’ असे विचारावे. याचे उत्तर द्यायला वेळ लागतो, आणि तो घ्यावा.

भरतीच्या तयारीविषयी थोडे. धावण्याचा सराव वर्षभर आधी सुरू झाला पाहिजे, भरतीच्या आधी महिनाभर नव्हे. मैदानावर ऐनवेळी कोणी दिलेले इंजेक्शन किंवा गोळी घेऊन धावण्याचा प्रकार कानावर येतो. असे करणारा आपले हृदय पणाला लावतो आणि देशसेवेचा प्रारंभ लबाडीने करतो. वैद्यकीय तपासणीत सपाट तळवे, जुळणारे गुडघे, कानाचे विकार, रंगांधळेपणा या कारणांनी दरवर्षी कितीतरी मुले परत येतात. यातले पुष्कळसे आधी डॉक्टरांना दाखवून समजू शकते. आता लेखी परीक्षा प्रथम आणि मैदान नंतर असा क्रम आहे, त्यामुळे केवळ दंड-बैठकांवर विसंबणे पुरत नाही.

आणि दलाल! ‘साहेबांशी ओळख आहे, काम करून देतो,’ असे सांगत फिरणारी एक जमात प्रत्येक तालुक्यात आहे. भोळा बाप दोन गुंठे विकून त्यांच्या हाती पैसे ठेवतो. मुलगा स्वतःच्या गुणांवर निवडला गेला तर ते श्रेय हा दलाल घेतो, नाही निवडला गेला तर तो गावातून नाहीसा होतो. सैन्यभरतीला पैसा लागत नाही. जो मागतो तो चोर, आणि जो देतो त्यानेही, दुःखाने का होईना, पण एका अप्रामाणिक कृत्याला हात लावलेला असतो.

जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना घोषित झाली. जवान म्हणून जाऊ इच्छिणाऱ्या मुलाने ती भावनेच्या भरात नव्हे, तर डोळे उघडे ठेवून वाचावी. प्रशिक्षण धरून चार वर्षांची सेवा. त्यानंतर गुणवत्तेनुसार जास्तीत जास्त २५ टक्क्यांना कायम सेवेत घेण्याची मूळ योजनेतील तरतूद. बाकीच्यांना निवृत्तिवेतन नाही. दरमहा वेतनातून ३० टक्के कापून तेवढीच भर सरकारने घातलेला ‘सेवानिधी’ शेवटी मिळतो, तो व्याज सोडून सुमारे दहा लाखांचा होतो. या योजनेवर उलटसुलट मते आहेत आणि राष्ट्रहिताचा विचार करणाऱ्या माजी सेनाधिकाऱ्यांतही ती आहेत. ते वाद होत राहतील. घरात मात्र जाण्यापूर्वीच दोन्ही उत्तरे तयार हवीत: कायम झाला तर काय, आणि बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी परत आला तर काय. परत आलेल्या मुलाला ‘काढून टाकला’ म्हणणारे शेजारी निघतील. निदान घरच्यांनी ते म्हणू नये. चार वर्षांत त्याचे पुढचे शिक्षण चालू राहील याकडे लक्ष द्यावे. आणि तो सेवानिधी म्हणजे बहिणीचे लग्न किंवा घरावरचा दुसरा मजला नव्हे. ते त्याच्या पुढील साऱ्या आयुष्याचे भांडवल आहे. आई-वडिलांनी त्याला हात लावण्यापूर्वी शंभरदा विचार करावा.

प्रशिक्षण केंद्रातील पहिले काही आठवडे सर्वांत अवघड. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावला आहे. १७६८ पासूनची परंपरा सांगणाऱ्या या रेजिमेंटमध्ये छत्रपतींच्या नावाचा जयघोष करीत शत्रूवर तुटून पडतात, हे खरे. पण नव्या रिक्रूटच्या वाट्याला प्रथम येतो तो उस्तादाचा आवाज, घडी नीट नसलेला बिछाना आणि त्याबद्दलचा रगडा. घरी आईने ताट उचललेल्या मुलाला तिथे स्वतःची भांडीच नव्हे, तर सगळ्यांची जागा झाडावी लागते. अपमान वाटतो. पळून जावेसे वाटते. अशा वेळी घरून आलेला ‘नको रे बाबा, ये परत’ असा एक फोन मुलाची वर्षभराची तयारी मोडू शकतो.

जी मुले शाखेतून, संघटनेच्या संस्कारांतून जातात त्यांना पहाटे उठणे, रांगेत उभे राहणे, पंक्तीत जे वाढतील ते खाणे यांची सवय असते. ती उपयोगी पडते. परंतु त्यांना एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, आणि ती आपल्याच माणसांनी सांगितलेली बरी. शपथ घेतल्या क्षणापासून त्याची संघटना एकच, ती म्हणजे सेना. सेना कायदा, १९५० जवानाच्या राजकीय सहभागावर बंधने घालतो, आणि ती योग्यच आहेत. बराकीत शेजारच्या खाटेवर कोणी शीख असेल, कोणी मिझोरमचा ख्रिस्ती, कोणी राजस्थानचा कायमखानी मुसलमान. तिथे बौद्धिक घ्यायचे नसते. ‘सर्वधर्मस्थळा’त तुकडीबरोबर उभे राहायचे असते. घरच्या मोबाइलवर येणारे राजकीय संदेश पुढे पाठविण्याचा छंदही गावीच ठेवून जावा. जुलै २०२० मध्ये सेनेने आपल्या जवानांना फेसबुकसह ८९ ॲप काढून टाकण्यास सांगितले होते. एका छायाचित्रातून ठाणे उघडे पडू शकते आणि गोड बोलणारी अनोळखी ‘मैत्रीण’ शत्रूच्या हेरखात्यात नोकरीला असू शकते.

सैनिकाने सामान्य माणसाशी कसे वागावे, हे शिकायला मराठी मुलाला दूर जावे लागत नाही. चिपळूणजवळ हलवर्ण येथे तळ ठोकून असलेल्या लष्कराच्या अंमलदारांना शिवछत्रपतींनी पाठविलेले पत्र प्रसिद्ध आहे. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा-वैरण आताच उधळाल तर पुढे घोडी उपाशी मरतील, मग तुम्ही कुणब्याच्या घरी हात घालाल, आणि रयत म्हणेल की याहून मोगल बरे, असा त्याचा आशय. भाजीच्या देठालाही हात लावू नका, बाजारातून विकत आणा. रात्री दिव्याची वात जळती ठेवू नका, उंदीर ती ओढून नेईल आणि गंजीला आग लागेल. राज्यकर्ता उंदराचा आणि वातीचासुद्धा विचार करतो आहे! काश्मीर किंवा नागालँडमधील एखाद्या खेड्यात ठाणे पडले तर तिथला शेतकरीही त्याच रयतेतला आहे, हे जाणणारा जवान सेनेला हवा असतो.

आता पालकांसाठी, विशेषतः कागदपत्रांबाबत. दहावीचे प्रमाणपत्र, आधार आणि बँकेचे खाते यांतील नाव व जन्मतारीख एकसारखी असल्याची खात्री जाण्यापूर्वी करावी. पुढे लग्न झाले, अपत्य झाले, की त्याची नोंद युनिटमार्फत ‘भाग दोन आदेशा’त झाली पाहिजे. वारसाचे नामनिर्देशनही लग्नानंतर बदलावे लागते. अशी नोंद राहिली तर ज्या सुनेचा पती सीमेवर गेला, तिला नंतर कचेऱ्यांचे उंबरे झिजवावे लागतात. सुनेचे नाव लावताना सासूने मन मोठे ठेवावे, हेही इथेच सांगितलेले बरे. प्रत्येक जिल्ह्यासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. त्याचा पत्ता संकटापूर्वी माहीत असावा.

मुलगा सीमेवर गेल्यानंतर त्याचा फोन अवेळी येईल, आवाज तुटक येईल. तेव्हा ‘कुठे आहेस? किती जण आहात? पुढे कुठे जाणार?’ असे विचारू नये. त्याला सांगता येत नाही, आणि आईला खोटे सांगणे त्याच्या जिवावर येते. जेवलास का, पायमोजे कोरडे आहेत ना, एवढे विचारावे. गावातल्या पावसाची, म्हशीच्या वेताची, धाकट्याच्या परीक्षेची बातमी सांगावी. त्याला तेच ऐकायचे असते.