मुलींचें क्रीडांगण : समता आणि सुरक्षितता



यवतमाळ जिल्ह्यांत पावसाचा जोर ओसरूं लागला आणि कपाशीला पात्या-फुलें धरूं लागलीं, कीं शाळाशाळांतून क्रीडास्पर्धांचे दिवस सुरू होतात. चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील असे त्यांचे वयोगट ठरलेले आहेत. पहिल्या गटांतल्या मुली कबड्डींत, खो-खोमध्यें आणि धांवण्याच्या शर्यतींत मुलांइतक्याच हिरीरीनें उतरतात. पुढच्या गटांत त्यांना गळती लागते, हें कोणाही क्रीडाशिक्षकास विचारलें तरी तो सांगेल. जी मुलगी आठवींत असतांना खो-खोच्या खांबाला विजेसारखा वळसा घालीत होती, तीच दहावींत मैदानाच्या कडेला इतरांचीं दप्तरें सांभाळीत बसते. दोन वर्षांत तिचे पाय दुबळे झाले, असें कोणी म्हणणार नाहीं. मग तिनें मैदान सोडलें कां ? आजच्या भाषणांत याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

या प्रश्नाचें एक जुनें उत्तर असें, कीं स्त्रीच्या नाजूक प्रकृतीला दमछाक सोसत नाहीं. हें उत्तर केवळ आपल्याकडेच दिलें जात होतें असें नव्हे. १९२८ सालीं अ‍ॅम्स्टरडॅमच्या ऑलिंपिक सामन्यांत स्त्रियांना ८०० मीटरची शर्यत प्रथमच मोकळी झाली. जर्मनीच्या लीना राड्के हिनें ती २ मिनिटें १६.८ सेकंदांत जिंकून जागतिक विक्रम केला. अंतिम शर्यतींत उतरलेल्या नऊच्या नऊ स्त्रिया शेवटपर्यंत धांवल्या. परंतु त्या धापा टाकीत कोसळल्या, अशीं भडक वर्णनें वृत्तपत्रांनीं छापलीं, आणि पुढें १९६० पर्यंत ऑलिंपिकमध्यें ही शर्यत स्त्रियांना बंद राहिली. शर्यत संपल्यावर पुरुष गवतावर आडवा झाला तर तो पराक्रम ठरतो, स्त्री आडवी झाली तर तो तिच्या दुबळेपणाचा पुरावा ठरतो! या जुन्या उत्तराला महाराष्ट्राच्या मुलींनीं स्वत:च उत्तर दिलें आहे. सातारा जिल्ह्यांतील दुष्काळी माण तालुक्यांत वाढलेली ललिता बाबर २०१६ सालीं रिओच्या ऑलिंपिकमध्यें ३००० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीची अंतिम फेरी गांठून दहावी आली.

तेव्हां उणीव शक्तीची नव्हती. सोयीची आणि मानाची होती. वांद्र्याची मेरी डिसोझा १९५२ सालीं हेलसिंकीच्या ऑलिंपिकला गेली, तेव्हां प्रवासखर्चासाठीं तिच्या मित्रमंडळींना पैसा गोळा करावा लागला. १९७३ सालीं पुण्यास स्त्रियांची पहिली आंतरराज्य क्रिकेट स्पर्धा भरली, तींत अवघे तीन संघ होते. त्या पिढींतील खेळाडूंनीं रेल्वेच्या अनारक्षित डब्यांतून प्रवास केला आणि मिळेल त्या ठिकाणीं जमिनीवर पथाऱ्या पसरल्या. मुंबईच्या रेल्वे वसाहतींत वाढलेल्या डायना एडुलजी यांनीं स्वत: खेळून तर वाट पाडलीच ; शिवाय खेळणाऱ्या मुलींना रेल्वेंत नोकऱ्या मिळाव्यात म्हणून त्या झटल्या. नोकरी मिळूं लागली तसें, 'खेळून काय मिळणार ?' या घरोघरच्या प्रश्नाचें तोंड बंद होऊं लागलें.

ऑक्टोबर २०२२ मध्यें भारतीय क्रिकेट नियामक मंडळानें स्त्री-पुरुष खेळाडूंना प्रत्येक सामन्याचें मानधन सारखें ठरविलें : कसोटीस १५ लाख, एकदिवसीय सामन्यास ६ लाख, वीस षटकांच्या सामन्यास ३ लाख रुपये. जानेवारी २०२५ मध्यें पहिल्या खो-खो विश्वचषकांत प्रियांका इंगळे हिच्या नेतृत्वाखालीं भारतीय मुलींनीं नेपाळला ७८–४० असें हरविलें. त्याच वर्षीं २ नोव्हेंबर रोजीं नवी मुंबईच्या मैदानावर भारतीय स्त्रियांनीं क्रिकेटचा विश्वचषक प्रथमच जिंकला. विदर्भही मागें नाहीं. नागपूरची मोना मेश्राम २०१७ च्या विश्वचषकाच्या संघांत होती. अमरावतीची भारती फुलमाळी २०१९ सालीं भारताकडून खेळली.

हा सारा अभिमानाचा भाग झाला. परंतु नवी मुंबईच्या दिव्यांनीं उजळलेल्या मैदानापासून झरी-जामणीच्या शाळेच्या पटांगणापर्यंत फार मोठें अंतर आहे, आणि तें नुसतें कोसांचें नाहीं. यवतमाळ जिल्ह्याचे सोळा तालुके. गांवें दूर दूर वसलेलीं. कित्येक ठिकाणीं मधें नाला, घाट वा रान. माध्यमिक शाळा बहुधा मोठ्या गांवांतच असते. बारावीपर्यंतच्या मुलींना शासनानें एस्. टी.चा पास मोफत दिला आहे, ही मोठीच सोय. परंतु पास हातांत असला तरी गाडी तिच्या वेळींच सुटते. घंटा होतांच निघणारी गाडी चुकवून तासभर सराव केला, तर पुढची गाडी केव्हां, आणि उतरल्यावर अंधारांत गांवापर्यंत सोबत कोणाची ? त्यांतच शाळेचें स्वच्छतागृह धड नसलें, कपडे बदलावयास आडोसा नसला, शिकविणारी एकही बाई नसली, तर न्हाती-धुती झालेली मुलगी महिन्यांतले चार दिवस आधीं मैदान चुकविते, आणि पुढें मैदानच तिला चुकवितें. वडील म्हणतात, 'आतां पुरें झालें.' त्यांची काळजी खोटी नाहीं. उपाय मात्र चुकीचा आहे. धोका रस्त्यावर असतो, वाईट माणसाच्या मनांत असतो. आणि शिक्षा होते मुलीच्या खेळाला.

याहून नाजूक गोष्ट पुढें आहे. मैदानावर कोणी अभद्र बोललें, किंवा डाव शिकविण्याच्या निमित्तानें मार्गदर्शकानेंच मर्यादा ओलांडली, तर मुलगी घरीं सांगत कां नाहीं ? लाजेमुळें, हें अर्धें उत्तर झालें. उरलेलें अर्धें असें, कीं सांगितल्यास आपला खेळ बंद होईल, हें तिला पक्कें ठाऊक असतें. तोंड उघडलें तर मैदान जातें, आणि मैदान राखावयाचें तर तोंड मिटून सोसावें लागतें! अपराध करणाराही हें जाणून असतो. त्याचें सारें धाडस तिच्या मौनावर उभें असतें. ज्या घरांत मुलीचा खेळ ही केव्हांही परत घ्यावयाची मेहेरबानी समजली जाते, त्या घरांतली मुलगी सर्वांत असुरक्षित. ज्या घरांत तो तिच्या भावाच्या खेळाइतकाच तिचा हक्क मानला जातो, त्या घरांतली मुलगी निर्भयपणें बोलते. म्हणून समता आधीं कीं सुरक्षितता आधीं, हा वादच फोल आहे. समता हीच सुरक्षिततेची पहिली भिंत होय.

नामांकित खेळाडूंचीही हीच गत होते, हें जानेवारी २०२३ मध्यें देशानें पाहिलें. ऑलिंपिक पदक मिळविलेली साक्षी मलिक आणि जागतिक स्पर्धांतून गाजलेली विनेश फोगाट यांच्यासह अनेक कुस्तीगीर, महासंघाच्या अध्यक्षांवर लैंगिक छळाचे आरोप करीत दिल्लीच्या जंतरमंतरवर बसले. आरोपांचा निवाडा हें न्यायालयाचें काम. परंतु चौकशीअंतीं क्रीडा मंत्रालयानेंच एक गोष्ट सांगितली : त्या महासंघांत अशा तक्रारींसाठीं रीतसर नेमलेली अंतर्गत समितिच नव्हती. अशा नामांकित खेळाडूंना तक्रारीचें दार सांपडलें नाहीं, तर घाटंजीच्या किंवा मारेगांवच्या चौदा वर्षांच्या मुलीनें कोणतें दार ठोठवावें ?

कायद्यानें दारें ठेविलेलीं आहेत. तीं घरोघर ठाऊक मात्र नाहींत. कामाच्या ठिकाणीं होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा कचेऱ्या-कारखान्यांपुरता आहे, असा पुष्कळांचा समज असतो. वास्तविक 'कामाचें ठिकाण' या शब्दांत त्या कायद्यानें क्रीडासंस्था, क्रीडासंकुलें आणि सामन्यांच्या जागा स्पष्टपणें घातल्या आहेत. दहा वा अधिक माणसें कामावर असतील तेथें अंतर्गत समिति हवी. तिची अध्यक्ष स्त्री असावी आणि निम्म्याहून कमी सभासद स्त्रिया नसाव्यात. लहानशा संस्थेंत अशी समिति नसली, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जातां येतें. तक्रार सामान्यत: तीन महिन्यांच्या आंत करावयाची असते. अठरा वर्षांखालील मुलामुलींसाठीं २०१२ चा 'पोक्सो' कायदा आहे. अत्याचार झाल्याचें कळूनही पोलिसांना न कळविणें, हाच त्या कायद्यानें गुन्हा ठरतो. 'शाळेचें नांव जाईल' ही सबब तेथें चालत नाहीं. संकटांतल्या बालकासाठीं १०९८ हा दूरध्वनि क्रमांक विनामूल्य आहे. २०२५ सालच्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्यानें क्रीडासंघांच्या कार्यकारिणीवर किमान चार स्त्रिया असाव्यात असें ठरवून सुरक्षित क्रीडेच्या धोरणाचीही तरतूद केली आहे.

तथापि कायदा मैदानावर आपल्या पायांनीं चालत येत नाहीं. त्याला सुशिक्षित घरांनीं हात धरून आणावें लागतें. यवतमाळ, पुसद, वणी, दारव्हा यांसारख्या शहरांतील पालकांना हें अवघड नाहीं. पालकसभेंत गुणपत्रिकेइतकेच हेही प्रश्न विचारावेत : सराव किती वाजतां संपतो, आणि बाहेरगांवच्या मुली कोणत्या गाडीनें परततात ? शाळेची वेळ थोडी अलीकडे ओढून सराव उजेडींच उरकतां येणार नाहीं काय ? परगांवीं जाणाऱ्या मुलींच्या संघाबरोबर स्त्री-शिक्षिका असते काय, आणि मुक्कामाची खोली आंतून नीट लागते काय ? कोणताही मार्गदर्शक एकट्या मुलीला बंद खोलींत बोलावणार नाहीं, असा लेखी नियम आहे काय ? तक्रार कोणाकडे करावयाची, त्या बाईंचें नांव भिंतीवर लावलें आहे काय ? आणि मैदान आठवड्यांतून किती दिवस मुलींच्या वाट्याला येतें ? कोणाहीवर अविश्वास दाखविण्यासाठीं हे प्रश्न विचारावयाचे नाहींत. चांगल्या शिक्षकाला असल्या नियमांचा जाच होत नाहीं. उलट त्याच्या चांगुलपणाला त्यांचा आधारच मिळतो.

मुलांनाही याच वेळीं शिकवावयास हवें. बहिणीचा सामना पाहावयास जाणारा, तिच्या पराभवाची थट्टा न करणारा आणि सोबत्याचा अभद्र शब्द तेथल्या तेथें अडविणारा भाऊ, हा दहा पहारेकऱ्यांहून अधिक कामाचा असतो. ही शिकवण पुस्तकांतून येत नाहीं. मुलाला नवी बॅट आणि मुलीला 'अभ्यास कर' हा उपदेश, असा पंक्तिभेद जेथें होत नाहीं त्या घरांतूनच ती येते.

आणि अखेरची गोष्ट प्रत्येक आई-बापांनीं आपल्या मुलीला आजच, कांहीं घडण्यापूर्वींच, स्पष्ट शब्दांत सांगून ठेवावी : 'तुला कोणीं त्रास दिला तर आम्हांला सांग. मैदानांतून तो जाईल. तुझा खेळ बंद होणार नाहीं.' एवढें वचन ज्या मुलीला मिळालें, ती अंधाराला भिणार नाहीं, आणि तिला भिवविणारेच उजेडाला भितील.