रास मोजण्याआधीचा वाटा

(भालकी येथील उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



गेल्या वर्षी आमच्या गल्लीतला एक पोरगा रंगीत पुस्तिका घेऊन माझ्याकडे आला. पुस्तिका पुण्याकडच्या एका चहाच्या ब्रँडची होती. "काका, बारा लाखांत दुकान उभं राहतं. नाव त्यांचं, गिऱ्हाईक आपोआप येतं. महिन्याला ऐंशी हजार सुटतात म्हणतात." मी बँकेत कर्जाच्या टेबलावर बावीस वर्षं काढली. 'सुटतात म्हणतात' हे कानावर पडलं की माझा हात कॅल्क्युलेटरकडे जातो.

फ्रँचायजी म्हणजे काय, हे आपल्याकडे बटईच्या भाषेत लवकर कळतं. बटईत रान मालकाचं आणि राबणं आपलं. इथे गाळा आपण घ्यायचा, कर्ज आपण काढायचं, नोकर आपण सांभाळायचे. मालकाचं असतं ते नाव आणि करण्याची पद्धत. बटईत रास झाल्यावर वाटणी होते, पावसानं दगा दिला तर मालकाचंही नुकसान होतं. फ्रँचायजीत रॉयल्टी बहुधा विक्रीवर असते, नफ्यावर नव्हे. म्हणजे मळणी चालू असतानाच मालक आपलं माप भरून नेतो. मागे दाणे उरले की भुसा, ते आपण बघायचं. काही कंपन्या म्हणतात, आमची रॉयल्टी शून्य. मग त्यांचा वाटा कच्च्या मालाच्या भावात आहे का, ते तपासा.

त्या पोराला मी वहीवर हिशेब मांडून दिला. आकडे उदाहरणाचे आहेत, तुम्ही तुमचे घाला. रोजची विक्री ६,००० रुपये धरू. महिन्याचे झाले १,८०,०००. कंपनीकडून घ्यायचा माल आणि दूध-साखर मिळून ४५ टक्के, म्हणजे ८१,०००. भाडं १५,०००, तीन पोरांचा पगार ३६,०००, वीज-गॅस १२,०००. पाच टक्के रॉयल्टी ९,००० आणि तिच्यावर १८ टक्के जीएसटी १,६२०. उरले २५,३८०. आठ लाखांचं कर्ज पाच वर्षांसाठी ११ टक्क्यांनी काढलं, तर हप्ता सुमारे १७,४००. हातात राहिले आठ हजार, आणि त्यात तुमची पहाटे पाचपासूनची मजुरी आली.

आता विक्री रोज हजारानं कमी करा. तेवढाच हिशेब पुन्हा मांडला, तर हप्ता भरून महिन्याला ६,७५० रुपये घरातून घालावे लागतात. कंपनीची रॉयल्टी किती घटली? ९,००० वरून ७,५००. तुमचं दुकान बुडायला लागतं आणि तिला दीड हजाराची झळ लागते. पुस्तिकेत हे पान नसतं.

कराचं एक कलम तर भले भले विसरतात. नोव्हेंबर २०१७ पासून साध्या हॉटेलच्या बिलावर ५ टक्के जीएसटी आहे, पण खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. फ्रँचायजी शुल्कावर मात्र १८ टक्के लागतात. पाच लाख शुल्क म्हटलं की द्यायचे पाच लाख नव्वद हजार, आणि वरचे नव्वद परत येत नाहीत.

आता नावाकडे वळू. भाड्यानं घ्यायचं नाव देणाऱ्याच्या मालकीचं आहे का? टीएमचं चिन्ह कोणीही लावू शकतो; वर्तुळातला आर फक्त नोंदणी झालेल्यानं लावायचा असतो. ट्रेडमार्क नोंदणीच्या सरकारी संकेतस्थळावर नाव फुकट शोधता येतं. कंपनी कधी स्थापन झाली, तिच्यावर कर्जाचे बोजे किती, हे कंपनी व्यवहार मंत्रालयाकडच्या नोंदींत दिसतं. आणि समोरचा माणूस त्या कंपनीचाच आहे ना, हेही बघा. अमूलचं दुकान देतो म्हणून बनावट संकेतस्थळांवरून लोकांचे पैसे उकळले गेले आणि प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेलं. खरी अमूल तर दुकानदाराकडून रॉयल्टी घेतच नाही.

अमेरिकेत सहीच्या निदान १४ दिवस आधी कंपनीला एक सविस्तर दस्त हातात द्यावा लागतो. त्यात कोर्टकज्जे असतात, सोडून गेलेल्या दुकानदारांची नावंसुद्धा असतात. आपल्याकडे फ्रँचायजीसाठी असा वेगळा कायदा नाही. आधार प्रामुख्यानं १८७२ च्या करार कायद्याचा. म्हणजे कागदावर जे लिहिलं तेच खरं. मुदत किती, नूतनीकरणाला पुन्हा शुल्क आहे का, मालाचा भाव कोण ठरवणार, शेजारच्या चौकात दुसरं दुकान देणार नाही असं लिहून देता का? न्यायक्षेत्रही वाचा. कलबुर्गीत उच्च न्यायालयाचं खंडपीठ आहे, पण करारात 'वाद पुण्यात' असं असेल तर तारखेला पुणं गाठावं लागेल. नाव भाड्याचंच असतं, हे मोठ्यांनाही चुकलं नाही. उत्तर भारतात मॅकडोनाल्ड्स चालवणारे विक्रम बक्षी निम्म्याचे भागीदार होते. तरी २०१७ मध्ये कंपनीनं १६९ दुकानांचा परवाना रद्द केला. तडजोड व्हायला २०१९ उजाडलं.

आपल्या सीमाभागाचं आणखी एक आहे. २०२४ च्या दुरुस्तीनंतर कर्नाटकात दुकानाच्या फलकावर ६० टक्के कन्नड हवं, तेही वरच्या भागात. पुण्याहून आलेला फलक तसाच लावता येणार नाही. नवा कोणाच्या खर्चानं, ते आधीच ठरवा. आणि पुण्यात त्या नावाला ओळख असेल. पण हुमनाबादला किंवा आळंदला सकाळी सुसला आणि मिरची भजी खाणाऱ्याला त्या नावाचं काय? चहा दहा रुपयांचा धरला तर सहा हजारांची विक्री म्हणजे रोजचे सहाशे कप. बाजाराच्या दिवशी ते जातील. सोयाबीन, तुरीचा पैसा हातात असतानाही जातील. मे महिन्यातल्या दुपारी किती जातील?

तो पोरगा पुस्तिकेतल्या तीन पत्त्यांवर जाऊन आला. एका ठिकाणी मोबाइलचं दुकान निघालं. तिथून आधीच्या भाडेकरूचा नंबर मिळाला. कंपनीच्या कचेरीत दहा मिनिटं मिळाली होती, हा गृहस्थ तासभर बोलला. वर्षात चहाच्या मसाल्याचा भाव तीनदा वाढला होता आणि करारात त्याला लगाम नव्हता. पोरानं कंपनीकडे दोनच गोष्टी मागितल्या: भाववाढीची मर्यादा लेखी, आणि बंद पडलेल्या दुकानांची यादी. तोवर रोज येणारे फोन त्या दिवसापासून थांबले.

चालू दुकान कंपनी स्वतःच दाखवते. बंद पडलेलं आपल्याला शोधावं लागतं. हप्त्याची सही करण्याआधी तिथे जा, आणि मग तीन दिवस वही घेऊन भालकीच्या बस स्टँडवर कप मोजत बसा. कोणी बसणार असेल तर मीही येतो; चहाचे पैसे ज्याचे त्यानं.