मूत्रपिंड वाचवणारं वेष्टण
(व्याख्यानमाला : पुष्प तिसरे)



२०२१ चा मे महिना आपल्यापैकी कुणीच विसरलेलं नसेल. करोनातून उठलेल्यांना, त्यातही मधुमेहींना म्युकरमायकोसिस हा बुरशीचा आजार गाठत होता. डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन नातेवाईक लायपोसोमल अँफोटेरिसिन या बुरशीनाशक औषधासाठी एकामागून एक दुकानं पालथी घालत होते. साधं अँफोटेरिसिन १९५० च्या दशकापासून वापरात आहे. मग लायपोसोमलसाठीच एवढी वणवण का?

बुरशीच्या पेशीच्या आवरणात अर्गोस्टेरॉल असतं. अँफोटेरिसिन त्याला चिकटतं, आवरणाला भोकं पाडतं आणि बुरशी मरते. पण आपल्या पेशींतलं कोलेस्टेरॉल त्याच कुळातलं. म्हणून फटका रुग्णालाही बसतो. शिरेतून औषध सुरू झालं की हुडहुडी भरते, ताप चढतो आणि पुढच्या काही दिवसांत रक्तातलं क्रिएटिनिन वाढू लागतं, म्हणजे मूत्रपिंडाला इजा होऊ लागते. बुरशी हटण्याआधीच औषध आवरतं घ्यायची पाळी येते.

लायपोसोम म्हणजे स्निग्ध रेणूंच्या दुपदरी पापुद्र्याची पोकळ गोळी. केंब्रिजजवळच्या बाब्राहम इथे अ‍ॅलेक बँगहॅम यांनी १९६० च्या दशकात ती जगापुढे आणली. अ‍ॅम्बिसोम या लायपोसोमल अँफोटेरिसिनमधली गोळी १०० नॅनोमीटरहून, म्हणजे मिलिमीटरच्या दहाहजाराव्या भागाहूनही लहान असते. अँफोटेरिसिन तिच्या पापुद्र्यातच रुतून बसतं. त्यामुळे मूत्रपिंडाच्या वाट्याला सुटं औषध फारसं येत नाही. बुरशीशी गाठ पडली की मात्र ते तिच्या अर्गोस्टेरॉलकडे ओढलं जातं. रेणू तोच, पण आता तो जास्त मात्रेत देता येतो.

औषधाला वेष्टण देण्याची दुसरी वाट पॉलिमरची. बॉस्टनमध्ये ज्यूडा फोकमन यांच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या रॉबर्ट लँगर या केमिकल इंजिनिअरने १९७६ मध्ये दाखवून दिलं की प्रथिनांसारखे मोठे रेणूही पॉलिमरमधून संथपणे सोडता येतात. याच वाटेवर पुढे मेंदूच्या कॅन्सरसाठी ग्लायडेल ही चकती तयार झाली आणि १९९६ मध्ये तिला अमेरिकेत मान्यता मिळाली. सर्जन गाठ काढतात आणि मोकळ्या झालेल्या जागेत जास्तीत जास्त ८ चकत्या बसवतात. साबणाची वडी झिजावी तशी चकती वरून झिजत जाते आणि कारमुस्टीन हे औषध नेमकं तिथेच पाझरतं.

औषध शरीरात कुठे जातं आणि किती वेगाने सुटतं, यावर रुग्णाचं बरं होणं अवलंबून असतं. म्हणून अशा वेष्टणाला चैन समजू नका. मुंबईच्या केईएम रुग्णालयातले डॉक्टर आणि दिल्ली विद्यापीठातले संशोधक यांनी मिळून देशी लायपोसोमल अँफोटेरिसिन घडवलं, रुग्णांवर तपासलं, आणि ते बाजारातही आलं. म्हणजे ही विद्या आपल्याकडे आहे. साधं औषध स्वस्त पडतं म्हणून गरिबाने आपल्या मूत्रपिंडाने त्याची किंमत मोजावी, हे आपण चालवून घेता कामा नये. सरकारी रुग्णालयाच्या औषधसाठ्यात हे लायपोसोमल इंजेक्शन पुढची साथ येण्याआधी असलं पाहिजे, आणि ही मागणी आपण नागरिकांनीच लावून धरायची आहे.